वीस त्रिक साठ! लंडनच्या डार्ट्स महोत्सवातली एक दुपार

तुम्हाला सतराचा पाढा येतो का? खरं सांगा. शाळेत बाईंनी उभं केलं तेव्हा घडाघडा येत होता, आता मात्र ‘सतरा सक’पाशी गाडी अडते, असंच ना? मग ही गोष्ट तुमच्यासाठीच आहे.

लंडनमध्ये दर डिसेंबरात एका टेकडीवरच्या जुन्या महालात तीन हजारांहून जास्त माणसं जमतात. कुणी केळं होऊन आलेलं असतं, कुणी सांताक्लॉज, कुणी रस्त्यावर ठेवतात तसला नारिंगी शंकू. लांबच लांब टेबलं, टेबलांवर बिअरचे जग, घसा फुटेस्तोवर गाणी. आणि ही सगळी मंडळी दुपारभर मनातल्या मनात पाढे म्हणत असतात. वीस त्रिक साठ. एकोणीस त्रिक सत्तावन्न. सोळा दुणे बत्तीस.

ही डार्ट्सची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. भिंतीवरच्या गोल फळ्यावर छोटे बाण फेकायचा तोच खेळ, जो तुम्ही एखाद्या क्लबात, हॉटेलात किंवा भाच्याच्या खोलीत दाराच्या मागे टांगलेला पाहिला असेल. चला, आज या स्पर्धेतल्या एका दुपारच्या सत्राला जाऊन येऊ. तिकीट नको, व्हिसा नको. फक्त पाढे थोडे उजळून घ्या.

दुपारच कशाला?

ही स्पर्धा डिसेंबरच्या मध्यावर सुरू होते आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. सुरुवातीच्या फेऱ्यांत बहुतेक दिवशी दोन सत्रं असतात. एक दुपारी साडेबाराच्या सुमारास सुरू होतं, दुसरं संध्याकाळी सातला. प्रत्येक सत्रात चार सामने.

रात्रीच्या सत्राचा तोरा वेगळा. मोठी नावं, टीव्हीवरची मुख्य वेळ, जास्त कल्ला. दुपारच्या सत्रात त्यामानाने अनोळखी नावं जास्त दिसतात. कुणी दूरच्या देशातून पात्रता फेरी जिंकून आलेला, कुणी क्रमवारीत साठाव्या-सत्तराव्या जागेवर लटकलेला, कुणी वर्षभर नोकरी सांभाळून सुट्टी काढून आलेला.

आणि नेमकं म्हणूनच दुपारचं सत्र बघण्यासारखं असतं. अंतिम सामन्यात खेळणाऱ्या दोघांचं आयुष्य हरूनही फारसं बदलत नाही. दुपारी रेषेवर उभ्या असलेल्या माणसाचं बदलू शकतं. ते कसं, ते पुढे येईलच.

आपल्यासाठी आणखी एक सोय आहे. लंडनचे दुपारचे साडेबारा म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सहा. इंदूर असो, बडोदा असो की बंगळुरू, चहाचा कप हातात येतो तेव्हाच पहिला बाण सुटतो. रात्रीचं सत्र मात्र आपल्याकडे साडेबाराला सुरू होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिस किंवा शाळा असलेल्यांनी त्याच्या वाटेला न गेलेलंच बरं.

टेकडीवरचा महाल

या जागेचं नाव अलेक्झांड्रा पॅलेस. लंडनकर लाडाने ‘अ‍ॅली पॅली’ म्हणतात. नावात महाल असला तरी इथे कुठला राजा राहायला नव्हता. एकोणिसाव्या शतकात सामान्य लोकांच्या करमणुकीसाठी ही इमारत उभी राहिली, म्हणून तिला ‘लोकांचा महाल’ असंही म्हणायचे. १८७३ साली ती उघडली आणि अवघ्या सोळा दिवसांत आगीत खाक झाली. लोकांनी हाय खाल्ली नाही. दोन वर्षांत, १८७५ मध्ये, ती पुन्हा उभी राहिली. पुढे २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने आपली नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू केली, ती याच इमारतीतून. टीव्हीमुळे मोठा झालेला खेळ टीव्हीच्या जन्मघरातच खेळला जातो, हा योगायोग गमतीदार आहे.

उत्तर लंडनमधल्या वुड ग्रीन या भुयारी रेल्वे स्थानकावर उतरून डब्ल्यू-३ क्रमांकाची बस धरली की ती तुम्हाला थेट टेकडीवर नेते. डिसेंबरातली लंडनची दुपार म्हणजे आपल्याकडची ढगाळ संध्याकाळच. वर पोचलात की आधी मागे वळून बघा. अख्खं लंडन पायाशी पसरलेलं दिसतं. हे दृश्य आत्ताच डोळ्यांत भरून घ्या, कारण चार तासांनी बाहेर याल तेव्हा काळोख झालेला असेल. या दिवसांत लंडनचा सूर्य चारच्या आधीच मावळतो.

रांगेत तुमच्या पुढे चार जोगिणी आणि मागे एक डायनासोर उभा असेल. दचकू नका. इथे साध्या कपड्यांत आलेला माणूसच वेगळा पडतो. साडी नेसून गेलात तर कुणी तरी नक्की विचारेल, ‘कुठल्या पात्राचा वेश आहे हा?’

आत शिरल्यावर

आत पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे आवाज. दुसरी गोष्ट तुम्हाला थोडी निराश करेल. मंच दूर असतो, त्यावरचा फळा तुमच्या जागेवरून बशीएवढा दिसतो आणि बाण तर दिसतच नाही. इथले हजारो लोक प्रत्यक्ष मैदानात बसून खेळ बघतात तो मोठ्या पडद्यावरच.

मग घरी सोफ्यावर बसून बघण्यात आणि इथे येण्यात फरक काय? फरक आहे तो ऐकण्यात आणि अंगावर घेण्यात. खेळाडू मंचाकडे येतो तो लग्नातल्या वरातीसारखा, आपलं ठरलेलं गाणं वाजवत, दोन्ही बाजूंच्या लोकांना टाळ्या देत. बाण फळ्यात रुततो त्याचा ‘ठप’ आवाज माइकमधून हॉलभर येतो. तीन बाण, तीन ठप. तिन्ही साठाच्या घरात गेले की पंच श्वास ओढून एकशे ऐंशीचा पुकारा करतो आणि हजारो हात ‘१८०’ लिहिलेले पुठ्ठे उंचावतात. रस ब्रे नावाच्या पंचाचा खरखरीत, घोगरा पुकारा तर इतका गाजला की तो २०२४ च्या अंतिम सामन्यानंतर निवृत्त झाला, तेव्हा एखाद्या खेळाडूला द्यावा तसा त्याला निरोप मिळाला.

मध्ये विश्रांती झाली की ‘चेझ द सन’ नावाच्या गाण्याची धून लागते आणि सगळा हॉल बाकांवर चढून एका सुरात नाचतो. आपल्याकडे विसर्जन मिरवणुकीत ढोल वाजायला लागला की पाय आपोआप हलतात ना, तसंच. ते गाणं कुणाचं, कधीचं, हे कुणी विचारत नाही.

आणखी एक पाहुणी इथे ठरलेली असते: गांधीलमाशी. गेली अनेक वर्षं मंचावरच्या प्रखर दिव्यांभोवती गांधीलमाशी घोंघावताना दिसते. कधी ती खेळाडूच्या मानेवर बसते, कधी नेम धरलेल्या हातापुढून जाते, आणि लोक तिलाही टाळ्या देतात.

सुरुवातीला वाटेल, इथे खेळ बघायला कुणी आलेलंच नाही. थोडा वेळ थांबा. एखाद्या खेळाडूने एकशे सत्तरच्या जवळपासचा आकडा शिल्लक ठेवला की तोच केळं झालेला माणूस शेजाऱ्याच्या कानात सांगतो, ‘वीस त्रिक, वीस त्रिक, मग मधला लाल.’ एकशे सत्तर तीन बाणांत संपवायचा तोच एक मार्ग. गर्दीला गणित पाठ असतं.

आठ मिलिमीटर

आता फळ्याकडे बघू. तो पडद्यावर दिसतो तेवढा सोपा नाही.

फळ्याचा मध्यबिंदू जमिनीपासून १.७३ मीटर उंचीवर असतो आणि खेळाडूने उभं राहायची रेषा फळ्याच्या पृष्ठभागापासून २.३७ मीटरवर. म्हणजे आपल्या घरातल्या साध्या खोलीतही मावेल एवढंच अंतर. फळ्याचे वीस भाग, प्रत्येकाला १ ते २० पैकी एक आकडा. बाहेरच्या कडेला एक अरुंद पट्टी असते, तिथे लागलं तर आकडा दुप्पट. मधोमध आणखी एक अरुंद पट्टी, तिथे तिप्पट. अगदी केंद्रातल्या लाल ठिपक्याला पन्नास गुण, त्याभोवतीच्या हिरव्या कड्याला पंचवीस.

दुपटीची आणि तिपटीची पट्टी फक्त आठ मिलिमीटर रुंद असते. शाळेतली पेन्सिल आडवी ठेवा, तिच्या जाडीहून जेमतेम जास्त. वीसच्या तिपटीची पट्टी लांबीलाही सव्वा इंचाच्या आसपास. त्या चिंचोळ्या जागेत एक नव्हे, तीन बाण रोवायचे असतात. म्हणून तर बाण टंगस्टन या जड धातूचे करतात. वजन वीस-पंचवीस ग्रॅम, पण अंगाने सडपातळ. पहिल्याने दुसऱ्याची जागा अडवू नये म्हणून.

आकड्यांची मांडणीही खट्याळ आहे. सगळ्यात मोठा आकडा २० वर, पण त्याचे शेजारी कोण? एका बाजूला ५, दुसऱ्या बाजूला १. म्हणजे साठाला नेम धरला आणि हात केसभर सरकला की पदरात एक. हाव धरणाऱ्याला शिक्षा ठेवलेलीच आहे.

फळा कशाचा असतो, हेही तुम्हाला आपलं वाटेल. तो असतो सिसलच्या धाग्यांचा. सिसल म्हणजे आपल्या शेताच्या बांधावर उगवणारा काटेरी घायपात. कुठे त्याला केकताड म्हणतात. त्याच्या पानांतून वाख काढून आजोबांच्या पिढीने दोर वळले. आज हे पीक केनिया, टांझानियासारख्या पूर्व आफ्रिकी देशांतही घेतलं जातं. धाग्यांचे जुडगे उभे दाबून फळा बनवतात. बाण धाग्यांना तोडत नाही, त्यांच्यामधून वाट काढतो, आणि उपसला की धागे पुन्हा जवळ येतात. म्हणूनच हजारो बाण झेलूनही चांगला फळा चाळणीसारखा होत नाही.

बाण हाताने, हिशोब डोक्याने

नियम दोन मिनिटांत समजतात. प्रत्येक खेळाडूकडे सुरुवातीला ५०१ गुण. मिळवायचे नाहीत, कमी करायचे. आळीपाळीने तीन-तीन बाण. जो आधी बरोबर शून्यावर येईल, त्याने तो डाव, म्हणजे ‘लेग’, जिंकला. तीन लेग जिंकले की एक सेट. पहिल्या फेरीत तीन सेट जिंकणारा पुढे जातो, अंतिम सामन्यात सात लागतात.

खरी ग्यानबाची मेख शेवटी आहे. शेवटचा बाण दुपटीच्या पट्टीतच लागला पाहिजे, किंवा केंद्रातल्या लाल ठिपक्यात. तोही पंचवीसची दुप्पट धरला जातो. चाळीस उरले तर वीस दुणे. छत्तीस उरले तर अठरा दुणे. जास्त गुण गेले किंवा एक गुण शिल्लक राहिला, तर त्या फेरीतले सगळे गुण रद्द.

खेळाडूंना बत्तीस हा आकडा फार आवडतो. का, ते बघा. बत्तीससाठी सोळाच्या दुपटीत मारायचं. नेम चुकून साध्या सोळात गेला तर उरले सोळा, म्हणजे आठ दुणे. तिथेही साध्या आठात गेला तर उरले आठ, म्हणजे चार दुणे. मग दोन दुणे, मग एक दुणे. चूक झाली तरी दुसरा रस्ता उघडा. उलट अडतीस उरले आणि बाण साध्या एकोणिसात गेला, तर एकोणीस हा विषम आकडा हाती येतो आणि तो सम करण्यासाठीच एक बाण खर्ची पडतो. म्हणजे चांगला खेळाडू नेम धरतानाच चुकण्याचीही तयारी ठेवतो. घरखर्च चालवणाऱ्या कुणालाही हे शहाणपण लगेच कळेल.

तीन बाणांत संपवता येणारा सगळ्यात मोठा आकडा १७०. पण १६९ नाही, १६८ नाही. १६६, १६५, १६३, १६२ आणि १५९ हेही नाहीत. कसेही मारा, तीन बाणांत दुपटीवर संपणारच नाहीत. मुलं रविवारी कंटाळली असतील तर त्यांना कागद देऊन हे सिद्ध करायला सांगा. दुपार निवांत जाईल.

आणि या खेळातला कळस म्हणजे नऊ बाणांत ५०१. पहिल्या तीन बाणांत १८०, पुढच्या तिनांत १८०, उरले १४१. मग वीस त्रिक साठ, एकोणीस त्रिक सत्तावन्न, बारा दुणे चोवीस. संपलं. जानेवारी २०२३ च्या अंतिम सामन्यात तर कमाल झाली. एकाच लेगमध्ये नेदरलँड्सच्या मायकेल व्हॅन गेर्वेनने आठ बाण अचूक मारले आणि नववा, बारा दुणेचा, चुकवला. त्याच क्षणी इंग्लंडचा मायकेल स्मिथ रेषेवर आला. त्याचेही सहा बाण अचूक होते. त्याने उरलेले तिन्ही जागेवर मारले आणि लेग नेला. पुढे तो विश्वविजेताही झाला.

रेषेवरचा माणूस

आता मघाशी राहिलेल्या मुद्द्यावर येऊ. दुपारच्या सामन्यात पणाला काय लागलेलं असतं?

२०२६ च्या स्पर्धेत खेळाडूंची संख्या ९६ वरून १२८ झाली आणि एकूण बक्षीस ५० लाख पौंड. विजेत्याला १० लाख पौंड, म्हणजे दहा कोटी रुपयांच्या वर. पेपरात मथळा होतो तो याचा. पण तक्त्याच्या तळाकडे बघा. पहिल्या फेरीत हरलेल्याला १५ हजार पौंड, दुसऱ्या फेरीत हरलेल्याला २५ हजार. म्हणजे दुपारचा एक सामना जिंकण्याची किंमत किमान १० हजार पौंड, त्या वेळच्या दराने अकरा-बारा लाख रुपये. प्रवास, हॉटेल, सराव, सगळा खर्च स्वतःच्या खिशातून करणाऱ्या माणसाला ही रक्कम फार मोठी आहे.

त्याहून मोठं आहे ते कार्ड. व्यावसायिक डार्ट्समध्ये वर्षभराच्या स्पर्धा खेळायला ‘टूर कार्ड’ लागतं आणि अशी कार्डं फक्त १२८ असतात. दोन वर्षांत मिळवलेल्या बक्षिसांच्या रकमेवर क्रमवारी ठरते. जागतिक स्पर्धा संपली की हिशोब होतो. पहिल्या ६४ जणांचं कार्ड टिकतं. ज्यांची दोन वर्षांची मुदत संपली आणि जे या यादीबाहेर राहिले, त्यांना जानेवारीत पात्रता स्पर्धेला जाऊन शेकडो उमेदवारांशी पुन्हा झुंजावं लागतं. नाही जमलं, तर पुन्हा जुनी नोकरी.

म्हणजे क्रमवारीत पासष्टावा असलेला माणूस दुपारी दीड वाजता अठराच्या दुपटीला नेम धरतो, तेव्हा त्या आठ मिलिमीटरांत त्याचं पुढचं वर्ष असतं. समोर केळी नाचत असतात, शंकू गात असतात, एखादा शिट्टी मारतो. त्याला हे सगळं ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचं असतं.

मन आणि हात यांच्यातला हा धागा कधी तुटतोही. डार्ट्समध्ये त्याला ‘डार्टायटिस’ म्हणतात. खेळाडू नेम धरतो, हात पुढे येतो, पण बोटं बाण सोडतच नाहीत. एरिक ब्रिस्टो हा १९८० च्या दशकातला राजा. १९८० ते १९८६ या काळात पाच वेळा विश्वविजेता. त्याच दशकाच्या उत्तरार्धात त्याला हा त्रास जडला आणि पुढे विश्वविजेतेपद त्याच्या हाती पुन्हा कधी लागलं नाही. अलीकडे नेथन अ‍ॅस्पिनॉल यानेही या त्रासाशी झगडा दिला आणि त्याबद्दल मोकळेपणाने सांगितलं.

पण ब्रिस्टोच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. स्टोक-ऑन-ट्रेंट या गावात चिनी मातीच्या वस्तूंच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण त्याने हेरला. त्याला पैशाची मदत केली, खेळातले धडे दिले. १९९० च्या जागतिक अंतिम सामन्यात त्याच तरुणाने गुरूला ६-१ ने हरवलं. तो फिल टेलर. पुढे त्याने एकूण सोळा विश्वविजेतेपदं जिंकली.

अनोळखी नावांची करामत

एखादा नवखा खेळाडू मंचावर येतो तेव्हा त्याच्या नावाचा उच्चार करतानाही लोक चाचरतात. दोन तासांनी तेच नाव सगळ्यांच्या तोंडी झालेलं असतं. असे प्रसंग या हॉलने अनेकदा पाहिले.

डिसेंबर २०१९ मध्ये फॅलन शेरॉक ही इंग्लंडची खेळाडू इथे उतरली. पेशाने केशभूषाकार. तिने पहिल्या फेरीत टेड एव्हेट्सला ३-२ ने हरवलं आणि या स्पर्धेत पुरुषाला हरवणारी ती पहिली स्त्री ठरली. नशिबाने जिंकली म्हणणाऱ्यांना तिने पुढच्याच फेरीत उत्तर दिलं. मानांकित मेन्सुर सुल्जोविचला ३-१ ने हरवताना तिचा शेवटचा बाण थेट केंद्रात लागला होता.

डिसेंबर २०२३ मध्ये सोळा वर्षांचा ल्यूक लिटलर इथे पहिल्यांदा खेळला आणि थेट अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तिथे ल्यूक हम्फ्रीजने त्याला हरवलं. वर्षभराने, जानेवारी २०२५ मध्ये, सतराव्या वर्षी तो सर्वात लहान विश्वविजेता झाला. २०२६ मध्येही किताब त्याच्याकडेच राहिला. घराघरांतल्या मुलांनी भिंतीवर फळा टांगायचा हट्ट धरला तो त्याच्यामुळेच.

डिसेंबर २०२५ मध्ये केनियाचा डेव्हिड मुन्युआ आला. व्यवसायाने जनावरांचा डॉक्टर. या स्पर्धेत खेळणारा केनियाचा पहिलाच माणूस. समोर बेल्जियमचा नामवंत माइक डी डेकर. मुन्युआ पहिले दोन सेट हरला, आणि मग ओळीने तीन जिंकून सामना घेऊन गेला. ज्या देशाच्या शेतात फळ्याचा धागा उगवतो, त्या देशाच्या माणसाने तो दिवस गाजवला.

आणि याच स्पर्धेत आपलाही झेंडा लागला. भारताचा नितीन कुमार याआधीही इथे येऊन गेला होता, हरून परतला होता. या वेळी त्याने नेदरलँड्सच्या रिचर्ड व्हीनस्ट्राला ३-२ ने हरवलं आणि या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. पुढच्या फेरीत तो थांबला, पण वाट पडली. आपल्याकडे या खेळाला ना मोठी मैदानं लागतात ना महागडी साधनं. एक फळा, तीन बाण, अडीच मीटर मोकळी जागा आणि भरपूर चिकाटी. गोट्या आणि विटीदांडूवर नेम पक्का केलेल्या देशात याची कमतरता असू नये.

जे खटकतं, तेही

सगळंच गोड नाही. हा खेळ इंग्लंडच्या पबमध्ये वाढला, त्यामुळे दारू त्याला चिकटलेली आहे. प्रेक्षागृहात ती वाहते. मंचावर आणि आजूबाजूला सट्टा लावणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती ठळक दिसतात. सोळा-सतरा वर्षांची मुलं आता या खेळाची तारे-तारका होऊ लागली आहेत, तेव्हा हे चित्र डोळ्यांत खुपतं. त्यातल्या त्यात बरी गोष्ट म्हणजे अलीकडच्या स्पर्धांत प्रत्येक १८० मागे एक हजार पौंड पुरुषांच्या प्रोस्टेट कर्करोगासाठी काम करणाऱ्या संस्थेला दिले गेले.

दुसरी तक्रार शिट्ट्यांची. खेळाडू नेम धरत असताना मुद्दाम शिट्टी मारणारे काही महाभाग असतात. परदेशी खेळाडू इंग्लिश खेळाडूसमोर असला की हे प्रमाण वाढतं. दोन लोकांमधल्या आठ मिलिमीटरांच्या लढतीत तिसऱ्याने नाक खुपसणं बरं नाही. तुम्ही गेलात तर नाचा, गा, पुठ्ठे हलवा. पण हात वर गेला की गप्प बसा.

जायचं असेल तर, आणि नसेल तरी

लंडनला मुलगी, भाचा किंवा मित्र असेल आणि डिसेंबरात जाणं होणार असेल, तर तिकिटाची चौकशी काही महिने आधीच सुरू करा. ती झपाट्याने संपतात. लहान मुलांना नेणार असाल तर वयाचे नियम आधी वाचा. कुटुंबासह जायचं तर दुपारचं सत्रच निवडा. रात्रीच्या मानाने गर्दी जरा शुद्धीवर असते. गरम कपडे न्या, पण अंगात घालायला एखादा गमतीदार सदराही ठेवा. आजवर हे सामने महालातल्या वेस्ट हॉलमध्ये व्हायचे. आयोजकांनी आता ते त्याच इमारतीतल्या मोठ्या ग्रेट हॉलमध्ये हलवण्याचं जाहीर केलं आहे, त्यामुळे जागा वाढतील.

जाणं शक्य नसेल तरी काही बिघडत नाही. येत्या डिसेंबरात एखाद्या संध्याकाळी सहा वाजता सामना लावा, किंवा यूट्यूबवर आयोजकांच्या वाहिनीवर जुने सामने बघा. आवाज थोडा कमी करा. पोशाख, गाणी, पुठ्ठे यांकडे पाच मिनिटं दुर्लक्ष करा आणि फक्त रेषेवरच्या माणसाचा चेहरा बघा. छत्तीस उरलेत, हातात एक बाण आहे, समोरचा वीस दुणेवर टपून बसला आहे. त्याचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला तो बाण सुटायच्या आधीचा एक क्षण बघा.

शेजारी आजी बसली असेल तर तिला विचारा, ‘अठरा दुणे किती गं?’ ती चष्म्यातूनही न बघता उत्तर देईल. आणि मग तो बाण कुठे लागतो, ते बघायला तीही टीव्हीकडे वळेल.